बुडबुडा मधोमध

...हसा, हसा, तुमचं काय जातंय, तुमची गाडी थोडीच मागच्या अंगाला बसलेली होती! आमची बसली होती. म्हणजे कशी, तर पोटभर जेवून माणूस भिंतीला टेकतो ना, तशी, पुढचं नाक वर आणि मागचं सगळं भुईला. मला घेतानाच कळायला हवं होतं. झोपायला खाट, स्वयंपाकाला ओटा, अशी चाकांवरची खोली घ्यायची हे माझं नोकरीत असल्यापासूनचं खूळ, आणि विकणारा म्हणाला, "मागून जरा खाली आहे, पण ती तिची ढब आहे." मी म्हटलं, वा! तुम्हाला सांगतो, ढब माणसाला असते, गाडीचे पाटे बसलेले असतात. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या त्या लोखंडी पट्ट्या हो, खड्ड्यात दबायच्या आणि पुन्हा उसळायच्या. आमच्या दबायच्या तेवढ्या. उसळणं त्यांनी सोडूनच दिलं होतं, माझ्यासारखं.

आता आतलं सुतारकाम. ते मी स्वतः केलं, कारण माझे वडील सुतार. त्यांची हत्यारं माझ्याकडे आली, हात काही आला नाही. त्यातच त्यांची पाणसळ होती. ती पट्टी नसते का, मधे काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा? बुडबुडा मधोमध आला की काम सरळ. वडील म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, पाणसळ खोटं बोलत नाही. आणखीही पुष्कळ काही म्हणायचे, पण माझ्या लक्षात एवढंच राहिलं, आणि तिथंच घोळ झाला... पण ते पुढे.

तर गाडी अंगणात उभी, आणि मी आत. खाट बसवली, पाणसळ ठेवली, पायांखाली फळकुटं सरकवली, बुडबुडा मधोमध! ओटा बसवला, मधोमध! फडताळ, ताटाळं, सगळं मधोमध! आमची ही बॅटरी धरून उभी, आणि मी प्रत्येक वेळी तिला हाक मारून दाखवणार, "बघ, मधोमध!" ती बिचारी बघायची. तिला बुडबुड्याशी काय करायचंय? तिचं एकच म्हणणं होतं, आणि ते मी तुम्हाला तिच्याच शब्दांत सांगतो. "अहो, सासूसासरे झाले, मुलं झाली, पाहुणे तर काय संपतच नाहीत. एकदा आपण दोघंच जाऊ. मला कुणाला वाढायचं नाही, कुणाचं अंथरूण घालायचं नाही." एवढंच हो! दागिना नाही मागितला तिनं. मी म्हटलं, दिला शब्द.

आणि नेलं की तिला, नाही असं नाही! पण मुक्कामाची जागा थोडी उंचसखल निघाली की माझा बुडबुडा हलणार. मग मी काय करायचो, तर मागे भरून आणलेल्या विटा काढायचो, चाकांखाली घालायचो, आणि ही अंधारात, पावसात बॅटरी घेऊन, "थोडी पुढे... अहो, थोडी... गेली, गेली, मागे घ्या!" बुडबुडा मधोमध येईपर्यंत हिची भूक मेलेली. आणि रस्त्यात? नाक वर, म्हणून दिवे झाडांच्या शेंड्यांवर. पाखरं दचकून उठायची, समोरून येणारे शिव्या द्यायचे. एक साधा खड्डा आला तर कुणीतरी खालून मुसळ मारल्यासारखं. माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, चांगला अंगापिंडानं भरलेला गडी, तो हे सगळं ऐकून म्हणाला, "भावोजी, तुम्ही गाडी चालवता की चांदण्या मोजता? ती मला द्या, मी कोंबड्या ठेवतो." कोंबड्या! मी जिथं पाणसळ लावून खाट बसवली तिथं कोंबड्या!

शेवटी एकदा घरी परत येताना, कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर, कडाड! मुख्य पट्टी तुटली. गाडी एका कुशीवर. ही शेजारीच बसलेली. ती ओरडली असती ना, तर मी सुटलो असतो. उतरली, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "आता नीट करून घ्या. विटा पुन्हा गाडीत दिसता कामा नयेत. नाहीतर कोंबड्या."  तिनं मनाशी पक्कं ठरवलं की लागणारा तो आवाज मला लग्नापासून माहीत आहे.

मग गाडी ओढून नेली पाटेवाल्याकडे, हीही बरोबर होती. हा माणूस मी अजून नीट पाहिलेला नाही. तो कायम कुठल्यातरी गाडीखाली, बाहेर फक्त दोन पाय, आणि आपण त्या पायांशी बोलायचं. पाय म्हणाले, "मागे काय भरलंय?" मी लगेच, "हिची भांडी हो! मी सांगून दमलो." दार उघडलं. भांडी निघाली दोन पातेली आणि एक किटली. आणि त्यांच्यामागे विटा. विटांमागे विटा. त्यांच्याखाली माझी हत्यारांची पेटी. म्हणजे मागची बाजू बसते म्हणून मी विटा घ्यायचो, विटांनी ती आणखी बसायची, म्हणून मी आणखी विटा घ्यायचो! हिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि किटली मांडीवर घेऊन बसली. त्या सगळ्या विटा आता आमच्या गुलाबाच्या आळ्याला लागल्या आहेत, सिमेंट लावून.

पाय म्हणाले, नवे पाटे घालू, त्यांच्या टोकांचे रबरी बुश बदलू, धक्के गिळणारे दोन शॉकअब नवे, झालं काम. इथं गप्प बसायचं की नाही माणसानं? पण आपण सुताराचे चिरंजीव! मी म्हटलं, "एक पट्टी जादा घाला." पाय म्हणाले, गरज नाही. मी म्हटलं, घाला हो, पुन्हा बसायला नको. पाय एकावर एक चढले आणि म्हणाले, "गाडी तुमची." घातली जादा पट्टी.

आणि काय सांगू, गाडी जी उभी राहिली! चार बोटं वर, ताठ. घरी येताना पहिल्यांदा दिवे रस्त्यावर पडले, मला रस्ता दिसला, समोरच्यानं शिवी दिली नाही. खड्डा आला आणि गाडी नुसती मान डोलावून पुढे गेली. ही चक्क गुणगुणत होती. अंगणात मेहुणा टेप घेऊन खुराड्याचं माप घ्यायला आलेला, त्याचं तोंड एवढंसं झालं. ही म्हणाली, "आता पहिला चहा आतच करते, उद्या सकाळी निघायचंच आहे." बॅगसुद्धा भरलेली होती तिची.

तिनं ओट्यावर एक कांदा ठेवला. कांदा निघाला. ओट्यावरून खाली, खाटेखालून, थेट चालकाच्या सीटखाली. पाठोपाठ किटली सरकली. फडताळाचं दार आपणहून उघडलं. ही खाटेवर टेकली, आडवी झाली आणि आतून आवाज आला, "अहो... माझे पाय वर का आहेत?"

मी धावत पाणसळ आणली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटलेला! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा उजेड शत्रूच्या डोक्यातही पडू नये. गाडी वाकडी उभी होती, आणि त्या वाकड्या गाडीत मी पाणसळ लावून एकेक वस्तू सरळ बसवली होती. आता गाडी सरळ झाली. म्हणजे...? पाणसळ खोटं नव्हती बोलली हो, बिचारीनं मी विचारलं तेवढंच सांगितलं. आधी जमीन बघावी, मग लाकूड, हे वडिलांनी नक्की सांगितलं असणार. मी तेव्हा कुठं होतो कोण जाणे.

पाटेवाल्याला फोन लावला. म्हटलं, जरा खाली बसवता येईल का? तो म्हणाला, आजवर असं कुणी विचारलं नाही. "वजन ठेवा मागे, नवे पाटे आहेत, बसतील हळूहळू." म्हटलं, किती दिवसांत? "जादा पट्टी आहे ना... वर्ष तरी जाईल." वजन कुठून आणू? विटा गुलाबाला! मी हिला म्हटलं, महिनाभर दे, आतलं सगळं उपटून पुन्हा बसवतो. तिनं बॅगेकडे पाहिलं. बॅगेचा पट्टा तेवढा सोडवायला लागली. आणि मला, तुम्हाला खोटं वाटेल, पण मला रडू यायच्या बेतात होतं.

आणि मेहुणा? तो हसत होता! हसून हसून त्याला उभं राहवेना, तसा तो आत आला आणि अगदी मागे, खाटेच्या टोकावर, धप्पकन बसला. गाडी कुरकुरली. माझ्या हातात पाणसळ, ती ओट्यावर टेकलेली, आणि बुडबुडा हलला... सरकला... आणि मी, या माझ्या तोंडानं, सवयीनं हो, दुसरं काय, ओरडलो, "मधोमध!"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. मेहुणा उठला, बुडबुडा गेला. मेहुणा बसला, बुडबुडा आला. हिनं पाणसळीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, अगं, आपण दोघंच जाणार होतो ना? तर म्हणाली, "पाणसळ खोटं बोलत नाही ना?" आणि बॅगेचा पट्टा पुन्हा आवळला.

तर असे आम्ही निघालो, दोघंच, आणि मागे वजन. वजन उठलं की चहा सांडतो, म्हणून वजनाला सगळं जागेवर लागतं. हिनं पहिल्याच मुक्कामाला सांगून टाकलं, "मी कुणाला वाढायचं नाही आणि कुणाचं अंथरूण घालायचं नाही, हे ठरलंय." ती तिकडे पाण्याकाठी खुर्ची टाकून बसते, हात मांडीवर, काही न करता. इतक्या वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. बरं वाटतं हो, खरंच बरं वाटतं.

म्हणून वाढतो मी, अंथरूणही मीच घालतो. आणि वाढताना हात आखडून चालत नाही, कारण कालपासून बुडबुडा एक केसभर मागे सरकायला लागलाय. "भावोजी, पुरे, मी जरा कमी जेवायचं ठरवलंय..." "छे, छे, असं कसं, तुला माझी शपथ आहे, घे रे, अजून थोडा भात घे!"