मास्तरांची लीडरशिप आणि माझी खुर्ची

...वाढलं हो वाढलं, मास्तरांचं दुकान वाढलं, कोण नाही म्हणतंय? शेजारचा गाळा घेतला, नवी पाटी लावली, तिसरं मशीन आलं... पण कुणाच्या जिवावर, ते विचारा की! नाही, मान हलवू नका, वस्तरा आहे हातात. तोंडानं विचारा... नको, तोंडाला फेस लागलाय. मीच सांगतो.

हा समोरचा शिंपी. शिंपी म्हटलेलं आवडत नाही, टेलर म्हटलेलं त्याहून आवडत नाही, मास्तर म्हणायचं! माणूस लाखात एक, हाताला जादू, पण तोंड...! माप घेताना गिऱ्हाइकानं जरा पोट आत ओढलं, की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडणार, "श्वास सोडा! पोट तुमचंच आहे, लपवताय कुणापासून?" आणि कात्री? कात्रीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही! दोन कारागीर, दोघांचे केस पिकले त्या मशिनींवर, पण कापड कापणार फक्त मास्तर. बटण कुठलं लावू, अस्तर कुठलं घेऊ, पंखा किती वर ठेवू... सगळं मास्तरांना विचारून! गल्ल्यावर वहिनी, त्यांनी सुटे द्यायचे तरी आधी मास्तरांकडे बघून!

तर तुम्हाला सांगतो, अशा माणसाला जावयानं नेलं लीडरशिप कोचिंगला. जावयाला नाही कसं म्हणणार? तिथं हॉलमध्ये बेकरीवाले, बॅटरीवाले, फुलवाले, सगळे गळ्यात आपापल्या नावाची चिठ्ठी अडकवून बसलेले, जत्रेत हरवल्यासारखे! आणि तो कोच म्हणे सारखा टाचा उचलून बोलतो. त्यानं विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर दुकान चालेल?" मास्तर छाती फुगवून उठले, "एक दिवस चालणार नाही!" त्यांना वाटलं, आता टाळ्या पडतील. कोच म्हणाला, "मग तुम्ही मालक कसले? तुम्ही तर तुमच्या दुकानातले सगळ्यात जास्त राबणारे नोकर! लक्षात ठेवा, लीडर दिसायचा नाही, लीडर जाणवायचा!" आणि दिला गृहपाठ... आठवडाभर दुकानात पाऊल टाकायचं नाही, फोन करायचा नाही, आणि कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची!

दिली हो! थोरल्या कारागिराच्या हातात कात्री देताना मास्तरांचा चेहरा असा उतरला... लेक सासरी पाठवताना उतरला नव्हता एवढा! मी होतो ना लग्नात, दोनदा जेवलोय.

वहिनींना म्हणाले, "मी आठवडाभर बहिणीकडे जातो." पिशवी घेतली, निघाले, आणि मागच्या बोळातून फिरून आले... कुठं? कुठं म्हणजे काय, इथं! याच खुर्चीत! आरशात बघा बरं, मान नका हलवू, नुसते डोळे... दिसतं की नाही समोरचं अख्खं दुकान? मशिनी, गल्ला, ट्रायलच्या खोलीचा पडदासुद्धा! म्हटलं, मास्तर, त्या दुसऱ्या खुर्चीत बसा. तर म्हणे, तिथून गल्ला दिसत नाही!

पहिल्या दिवशी दाढी केली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, परत कर. अहो, कशाची करू? उगवायला तर पाहिजे! डोक्याला मालिश झाली, मग नाइलाजानं मिशी गेली, तरी माणूस हलेना! बाहेर बाकावर माझी गिऱ्हाइकं तोच पेपर उलटा करून वाचतायत... लीडर दिसायचा नाही, जाणवायचा! जाणवत होता की मला, अख्ख्या वजनासकट!

आणि तोंडानं सारखं, "चुकणार बघ आता... कापड वाया घालवणार... अरे, तिरकं कापतोय, तिरकं!" देव पाण्यात घालून बसला होता हा माणूस, आपलंच दुकान बुडावं म्हणून! बुडालं का? छे! गिऱ्हाईक येतंय, पोट आत ओढून माप देतंय, कुणी ओरडत नाही, वहिनी गालातल्या गालात हसून दोन बोटं सैल लिहितायत, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातंय!

मग एका दुपारी मास्तरांनी आरशावरून नजर काढली. गळ्यात टॉवेल, मान खाली. म्हणाले, "एकानं तरी विचारलं असेल का रे, मास्तर कुठायत म्हणून?"

जन्मभर या माणसानं गल्लीची मापं घेतली, आणि तो दिसत नाही हे कुणाच्या लक्षातही येऊ नये? वाईट वाटलं हो मला, खरंच वाटलं. वस्तरा ठेवला, रस्ता ओलांडला, आणि इकडे ऐकू यावं म्हणून दारातूनच ओरडलो, "मास्तर कुठायत? मास्तरांशिवाय मी कुणाला माप देत नाही!"

वहिनींनी मान वरसुद्धा केली नाही. "हळू बोला, भाऊजी. तुमच्याच खुर्चीत आहेत ना? पहिल्या दिवसापासून माहितीये सगळ्यांना. आरशातून बघतायत म्हणून तर हे दोघं खाली मान घालून काम करतायत! ते इथं असले की यांचा निम्मा दिवस विचारण्यात जातो, आणि खरंच बहिणीकडे गेले असते तर चहा पिण्यात गेला असता. आता आलाच आहात तर पँटचं माप द्या." काय करता? दिलं!

परत येऊन मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. चिडतात कसले, डोळे भरून आले! "म्हणजे मी... जाणवतो?"

आठवडा संपला, मास्तर मोठ्या ऐटीत दुकानात गेले. कात्री उचलली, समोरच्या गिऱ्हाइकावर ओरडले, "श्वास सोडा!", आणि झालं! दोन्ही मशिनी बंद, थोरला विचारतोय, "मास्तर, अस्तर कुठलं घेऊ?" वहिनींनी त्यांच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्याशिवाय दुकान चालत नाही, शपथ! पण तुम्ही ते समोरूनच चालवा."

कोचनं जाहिरातीत मास्तरांचा फोटो छापला, खाली 'यशस्वी लीडर'. खुर्ची कुणाची, ते नाही छापलं! रोज येतात आता, डबा घेऊन. खुर्ची सोडा म्हणून आज सांगतोच, उद्या सांगतोच असं करतो, पण बसल्या बसल्या "कुणी विचारलं का रे मला?" असं म्हणतात, आणि जीभ रेटत नाही हो...

अरे बापरे, मास्तर आले वाटतं! उठा, उठा... राहू द्या फेस, उरलेली दाढी स्टुलावर करतो. आणि जाताना एक उपकार करा. समोरच्या दारात उभं राहून मोठ्यानं विचारा, "मास्तर कुठायत?" काही नाही, एक पँट शिवावी लागते फक्त... माझ्या झाल्यात सहा!