सर्जाच्या शिंगाची मूठ

आमच्या आप्पांचं तुम्हाला सांगतो. त्यांच्याकडं दर गोळीला घोडा ओढावा लागायचा, असं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. त्याची लाकडी मूठ फुटली. निलंग्याच्या सुतारानं विचारलं, "शिसवाची बसवू का चंदनाची?"

आप्पांनी जपून ठेवलेलं बैलाचं शिंग पुढं केलं. "आमच्या सर्जाची बसव. दुष्काळात मरेपर्यंत गावाला पाणी वाहिलं त्यानं."

तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परवान्यासाठी तिथल्या नव्या कचेरीत गेलो. साहेबानं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, तर बोटं तांबडीलाल!

"हे काय लावलंय?"

"हिंगूळ, साहेब," आप्पा म्हणाले. "काल पोळा होता. सर्जाचं शिंग रंगवल्याबिगर आमच्या घरी कुणी जेवत न्हाई."