जास्तीचा वेळ

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरलीच्या अंगावर हॉटेलात चादरी बदलणाऱ्यांचा गणवेश, धाकटीच्या मांडीवर कॉलेजची बॅग.

"म्हणजे पेपराला तुला वेगळी खोली, वर जास्तीचा वेळ."

"हो ताई. मला तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, डोकं चांगलंय, वाचताना अक्षरं तेवढी हलतात."

"माझी अक्षरं काय गप्प बसायची? तिकडे आपल्या देशात मला ढ म्हणून शाळेतून काढलं. इथे तुझ्या अक्षरांचे लाड चाललेत."

"तू चादरी बदलतेस म्हणून मी शिकतेय. कळतं मला."

"कळतं तर बोलून दाखवू नकोस. आणि कानात काय घातलंयस?"

"हे पुस्तक वाचून दाखवतं. एक तू लाव."

"नको मला तुझी उष्टी अक्कल."

"लाव तर."

"इथल्या भाषेत आहे ना? मला काय कळणार?"

"दिवसभर कामावर तीच तर ऐकतेस."

"...हिला जरा हळू वाचायला सांग."

"केलं हळू."

"हं."

"ताई, आपला स्टॉप आला. ऊठ."

"पान संपू दे. जास्तीचा वेळ काय तुला एकटीलाच?"