अर्जातली दारू

वकीलबाई : आणि हे ‘दररोज मद्यपान करतात’, हे कोणी लिहिलं?

दीर : मीच. धाकटा भाऊ आहे मी त्याचा. मला नाही तर कोणाला माहीत असणार?

वकीलबाई : मी तुमच्या वहिनींना विचारतेय. बाई, नवऱ्याच्या तोंडाला वास कधीपासून येतो?

वहिनी : वास... तसा नाही येत.

दीर : व्होडका पितो. तिला वास नसतो.

वकीलबाई : स्वतः डॉक्टर असून असं म्हणता? बरं, बाटल्या कुठे लपवतात?

वहिनी : बाटली मी कधी पाहिली नाही.

वकीलबाई : वास नाही, बाटली नाही. आणि माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचंय. उद्या न्यायाधीश त्यांना समोर बसवून विचारतील, तेव्हा? तुमचं हॉस्पिटल कोणाच्या नावावर आहे?

दीर : दोघांच्या. मी ऑपरेशन करतो, दादा भूल देतो, वहिनी थिएटरच्या सिस्टर आहेत. त्याचा इथे काय संबंध?

वकीलबाई : भाऊ आत गेला की एकट्याचं राज्य. असे प्रेमळ नातेवाईक महिन्याला दोन तरी येतात माझ्याकडे.

दीर : तोंड सांभाळून बोला.

वहिनी : तसं नाही हो. भावजींचा फार जीव आहे यांच्यावर.

वकीलबाई : मग कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत, तेवढंच सांगा.

वहिनी : तास तास बाथरूममध्ये बसतात. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट, घरातसुद्धा. परवा आम्ही दार तोडलं. ओठ निळे पडले होते. मी तोंडाने श्वास दिला, तेव्हा कुठे डोळे उघडले.

दीर : वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का?

वकीलबाई : त्या इथेच बसतील. ताकाला येऊन भांडं लपवू नका, डॉक्टर. ही दारू नाही. तुमचा भाऊ भुलीची इंजेक्शनं घेतो.

दीर : घेतो. पण दारू लिहिली म्हणून काय बिघडलं? केंद्र तेच, कुलूप तेच.

वकीलबाई : तिथले डॉक्टर कागद वाचूनच औषध देणार ना? भलतंच दिलं आणि पुन्हा श्वास थांबला, तर? हे मी तुम्हाला सांगायचं?

दीर : इंजेक्शन लिहिलं की रजिस्टर मागतील.

वकीलबाई : कसलं रजिस्टर?

वहिनी : पेशंटला देऊन औषध उरलं की ते दोघांसमोर फेकायचं असतं. एक सही फेकणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची.

वकीलबाई : आणि पाहणारं कोण?

दीर : वहिनी, उत्तर देऊ नका.

वहिनी : मी. हे म्हणायचे, ‘फेकलं गं, कर सही.’ मी करायचे. नवऱ्याने सांगितल्यावर बेसिनमध्ये वाकून कोण बघतं?

वकीलबाई : किती दिवस चाललं हे?

वहिनी : दीड वर्ष.

दीर : झालं समाधान? हॉस्पिटल बंद पडलं तर मी दुसरीकडे नोकरी करीन. पण वहिनींचा नर्सिंगचा परवाना जाईल, खटलासुद्धा होईल. म्हणून लिहिली दारू.

(वकीलबाई चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

वकीलबाई : तुमच्याबद्दल मी चुकले, डॉक्टर. पण खोटा अर्ज माझ्या हातून जाणार नाही. बाई, खरा दिला तर त्यांना नीट उपचार मिळतील आणि तुम्हाला नोटीस येईल. तुमच्यासाठी वेगळा वकील बघा, तुमची बाजू मला घेता येणार नाही. घरी जा, दोन दिवस विचार करा.

वहिनी : घरी हे आहेत. सासूबाईंना दाराशी बसवून आलेय. दोन दिवस कोणी पाहिलेत? खोडा ती दारू. इंजेक्शन लिहा, माझ्या सह्यांचंही लिहा.

दीर : वहिनी, तुम्ही हे सांगितलंत असं कळलं, तर दादा तुम्हाला जन्मात माफ करणार नाही.

वहिनी : नाहीच करणार. माफ न करायला तरी हे असू देत, भावजी.