घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत

...आणि वर मलाच विचारतात, 'तुम्हाला कोणी सांगितलं होतं?' अहो, सांगायला कशाला हवं! घरात चोर शिरतोय दिसल्यावर दाराला कडी घालायला काय लेखी हुकूम लागतो? पस्तीस वर्षं टपालखात्यात काढली मी. आधी सायकलवरून वाटप, मग खिडकी, शेवटची बारा वर्षं छाननी. लाखो पत्रं या हातांखालून गेली, पण दुसऱ्याचं एक... एक जरी उघडलं असेल तर शपथ! निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, 'या माणसाच्या हातात उघडं पाकीट द्या, हा आधी चिकटवेल.' आणि अशा माणसाच्या घरात ईमेलमधून व्हायरस शिरावा?

शिरला म्हणजे... आता तुमच्यापासून काय लपवायचं, मीच घेतला आत. मेल आली, 'आपलं पार्सल पोचवता आलं नाही, सोबतची फाइल उघडा.' टपालखात्यातल्या माणसाला असं कुणी लिहावं का हो? पार्सल पोचलं नाही! उघडली फाइल. आत पार्सल कुठलं, तो मेला दबा धरून बसलेला! पडदा काळा झाला, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तो हिच्या पुस्तकाचे दोन धडे गिळूनच.

हिचं पुस्तक सांगायचं राहिलंच की! आमची ही चोवीस वर्षं शिवणवर्ग घेते. ते सगळं शिकवणं तिनं त्या कॉम्प्युटरवर उतरवलं, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. प्रकाशकाला नमुन्याचे धडे पाठवले होते आणि उत्तराकडे डोळे लावून बसली होती. त्यात नेमके बाह्यांचे धडे गेले. अख्खं पुस्तक बिनबाह्यांचं! ही नुसती गळ्यात टेप घालून मशीनपाशी बसून राहिली. बाह्या पुन्हा लिहायला तिला दीड महिना लागला, आणि मी तेव्हाच ठरवलं, आता या पुस्तकाच्या एका पानालाही धक्का लागू द्यायचा नाही. बाहेरून आलेली फाइल उघडायची नाही म्हणजे नाही!

माझी भाची कॉम्प्युटरमधली. ती आली, म्हणाली, 'मामा, व्हायरस पकडणारं सॉफ्टवेअर टाकलंय. पुस्तकाची एक प्रत या पेनड्राइव्हवर ठेवलीय. आणि मेलचा संशय आला की पाठवणाऱ्याला फोन करून विचारा, नाहीतर सरळ पुसून टाका.' सगळं पटलं, पुसणं सोडून. टपाल पुसायचं? मी? पत्ता चुको, माणूस घर सोडून जावो, नाहीतर समोरचा नको म्हणो, टपाल फेकायचं नसतं! जिथून आलं तिथं परत. झालं, बसलो कंबर कसून. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी तीन ते पाच, खात्यातल्या वेळाच धरल्या. संशयित मेल आली की वर लिहायचं, 'घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत', आणि पाठवायची.

पहिल्या दिवशी चार होत्या. आठवड्यानं चाळीस! महिन्यानं एकशे दहा! मी म्हटलं, या लेको, मीही काही कमी नाही! मेहुणीचा फोन, 'भावोजी, नातीचा फोटो परत केलात? घेण्यास नकार? अहो, नात आहे ती तुमची!' म्हटलं, असेल, पाकिटात घालून पाठव, दोन्ही हातांनी घेतो. पण फाइल उघडायची नाही म्हणजे नाही! शेवटी भाचीनं डोकं धरलं. 'मामा, अहो परत पाठवलं की त्यांना कळतं, या पत्त्यावर माणूस राहतो, आणि तो रिकामाही आहे!'

आता मला सांगा, हे आधी सांगायला काय झालं होतं?

आणि त्याच महिन्यात ही रोज संध्याकाळी वर्ग सुटला की विचारायची, 'अहो, प्रकाशकांचं काही आलं का?' मी म्हणायचो, नाही. खोटं नव्हतो बोलत हो! एक मेल आली होती, पण पत्त्यात नाव ना गाव, नुसते आकडे. आणि मजकूर काय? 'अभिनंदन! सोबतची फाइल उघडा, सही करून आठ दिवसांत पाठवा.' अभिनंदन! आठ दिवसांत! घाई करतो तो चोर, एवढं मला कळतं. परत! पुन्हा आली. परत! तिसऱ्यांदा आली तेव्हा मी पदरचं एक वाक्य घातलं, 'पुन्हा पाठवल्यास पोलिसांत कळवण्यात येईल.'

दुसऱ्या दिवशी फोन. हिनंच घेतला. पलीकडून रडवेला आवाज, 'बाई, पुस्तक द्यायचं नसेल तर नका देऊ, पण पोलिस कशाला?'

हिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, जमीन दुभंगावी असं वाटलं. आठवा दिवस होता तो. मी म्हटलं, दे इकडे! हिच्या सहीचं होकाराचं पत्र आणि पुस्तकाचा पेनड्राइव्ह पाकिटात, पाकीट शर्टाच्या आत, वरून बटणं. पायांत चपला अडकवल्या आणि निघालो वाटपाला. तीन जिने चढून, धापा टाकत, प्रकाशकाच्या टेबलावर पाकीट ठेवलं. तो माझ्याकडे बघतो, पेनड्राइव्हकडे बघतो, आणि म्हणतो कसा, 'काका, माफ करा. बाहेरचा पेनड्राइव्ह आम्ही लावत नाही. व्हायरस असतात.'

म्हणजे बघा! मी! मी हात जोडून सांगतोय, 'साहेब, उघडा हो, बेधडक उघडा, माझ्या जबाबदारीवर!' आणि तो म्हणतो, 'उघडायचं नाही म्हणजे नाही, नियम आहे.' नियम चोख होता! त्यांची तपासणारी बाई जेवून येईपर्यंत दोन तास बाकावर बसलो. तिनं तपासलं, म्हणाली, 'स्वच्छ आहे,' तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

काल पार्सल आलं. पोस्टमननं सही घेतली, आणि ही म्हणाली, 'उघडा.' मी म्हटलं, मी? 'तुम्हीच.' तिच्या कात्रीनं सुतळी कापली. वर पुस्तक, कोरं करकरीत, बाह्यांसकट! माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. पहिलं पान उलटलं, तर अर्पणपत्रिका. 'ज्यांनी या घरात काही म्हणजे काही उघडू दिलं नाही, त्यांना.'

आता याचं काय करायचं? पाठवणाऱ्यास परत करावं, तर पाठवणारी दारात उभी राहून हसतेय!