खापरघाटातला घाईचा पाहुणा

ऐका, आधी बसा सगळे. घोड्याची ट्रॉली जीपला अडकवलीत, असू दे. घोडा अजून बाहेरच बांधलाय ना? मग बसा. यात्रा संपली तरी तुमचं गाव काही पळून जात नाही. मघाशी मी टायरांचं विचारलं, तेव्हा त्या अंधारातून कुणीतरी म्हणालं, "टायर नवेच आहेत, मी बघितलेत." कोण म्हणालं ते शेवटी विचारतो. विसरेन असं समजू नका, म्हातारा झालोय पण डोकं शाबूत आहे. आधी हा माझा तळहात बघा. जाळाजवळ धरतो. दिसला चट्टा? चुलीचा नाही तो. खापरघाटातला आहे.

तेवीस वर्षं झाली. वैशाखाचा महिना. माझी घोडी होती, गुलबक्षी. वरातीत नाचायला लागली की नवरदेवाकडे कुणी बघायचं नाही. खोटं नाही सांगत, एक नवरदेव रुसला होता त्यावरून. तर त्या दिवशी दुपारी तिचं पोट धरलं. लोळते काय, उठते काय, मान वळवून पोटाकडे बघते काय. शेण नाही, पाण्याला तोंड नाही. घोड्याचं पोट धरलं म्हणजे जिवावरचं दुखणं, ते इथं कुणाला सांगायला नको. गावच्या डॉक्टरनं औषध पाजलं आणि म्हणाला, सुकलाल आप्पा, धुळ्याला न्या, सकाळची वाट बघू नका. तोवर दिवस मावळला होता. मी निघालो. एकटाच.

निघताना आमच्या गिरजानं सगळं रीतसर केलं. चाकांना हळदकुंकू लावलं. जीपची चार आणि ट्रॉलीची दोन, सहा चाकांखाली सहा लिंबं ठेवली. नारळ फोडला. मी सहाही लिंबं चिरडली आणि गाडी काढली. आणि हवा? हवा कोण बघतो! ती ट्रॉली आठ वर्षं चिंचेखाली उभी. वर्षातून दोनदा यात्रेला जायची, परत चिंचेखाली. टायरची नक्षी जशीच्या तशी. नव्या टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, ते सुद्धा होते. मी एक लाथ मारून बघितली. टणक लागलं. हसता काय, तुम्हीही लाथच मारता, मी बघितलंय.

घाटाच्या पायथ्याला एक माणूस उभा. डोक्याला टॉवेल, अंगात खाकी शर्ट, हातात काठी. ड्रायव्हर लोकांपैकी वाटला. म्हणाला, घाटापलीकडे सोडा. मला सोबत हवीच होती. पण बसायच्या आधी तो काय करतो, तर न सांगता ट्रॉलीला चक्कर मारली, दोन्ही टायरांवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "टायर नवेच आहेत, मी बघितलेत. दाबा तुम्ही."

मला बरं वाटलं बघा. कुणीतरी बघितलं म्हटल्यावर आपल्याला बघायला नको. तिथंच मी फसलो.

पहिलं वळण गेलं. ट्रॉली मागून जराशी डोलतेय असं वाटलं. पुढं पंक्चरवाल्याचा दिवा दिसत होता. मी म्हटलं थांबू, हवा बघून घेऊ. तो म्हणाला, दुकान बंद झालंय. आणि ऐका हं, त्यानं नुसतं म्हटलं आणि दिवा विझला! माझ्या डोळ्यांदेखत. पण मागं घोडी कण्हत होती. मी गाडी दामटली.

दुसरं वळण. रबर जळाल्याचा वास. मी विचारलं, कसला वास? म्हणे, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. पुढं ट्रक नव्हता. घाटभर एक दिवा नव्हता हो! तेवढ्यात गुलबक्षीनं ट्रॉलीच्या फळीवर लाथ मारली. धाड! तो म्हणाला, घोडी चाललीय तुमची, दाबा. परत लाथ. धाड! दाबा, दाबा. आणि माझ्या पायावर त्याचा पाय आला. माझा पाय रेसवर, त्यावर त्याचा. गार. दगडासारखा जड. मला पाय उचलता येईना. गाडी सुटली चढावर बोंबलत, कठडा हातभर अंतरावरून पळतोय, आणि मागून तिसरी लाथ. धाड!

आता माझ्या बापाची एक शिकवण होती. बाप घोड्यांतच जन्मला, घोड्यांतच गेला. तो म्हणायचा, दुखणाऱ्या पोटाची घोडी लोळायला बघते, लाथा फळीवर घालत नाही. फळीवर लाथ घातली म्हणजे तिच्या पायाखाली काहीतरी बिघडलंय. आधी थांब, मग विचार कर. पाय अडकलेला होता, हात मोकळे होते. दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळली, फिरली आणि दरीच्या कडेला उभी राहिली.

उतरलो. पळत मागं गेलो. डाव्या टायरवर हात ठेवला आणि हा चट्टा तिथला. तव्यावर ठेवावा तसा हात भाजला! बॅटरी लावली. वरून नक्षी नवी, पण बाजूला भेगा, टाचेला पडतात तशा, बोट जाईल एवढ्या. आणि एका जागी टायरला लिंबाएवढा फुगा आलेला. आठ वर्षं उभ्या उभ्या रबर म्हातारं झालं होतं, आणि मी त्याला हळदकुंकू लावत होतो.

मान वर केली तर तो शेजारी उभा. बसा, बसा, वेळ घालवू नका, म्हणत होता. माझ्या बॅटरीचा उजेड खाली गेला. रस्त्याकडेच्या फुफाट्यातून तो चालत आला होता, पण धुळीत पावलं उठली नव्हती. ऐकताय ना? पावलं नव्हती! त्याच्या पायापर्यंत एकच रेघ आली होती, रुंद, गुळगुळीत. नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरची.

  ट्रॉलीचं दार उघडलं, गुलबक्षीला खाली घेतलं, दोर हाताला गुंडाळला आणि चालायला लागलो. मागून हाका. आप्पा, स्टेपनी आहे की! जीपची स्टेपनी ट्रॉलीला बसत नाही, हे त्यालाही ठाऊक. आप्पा, घोडी मरेल चालून! मग गिरजाच्या आवाजात हाक आली, अहो, थांबा. तेव्हा मात्र रडू आलं मला. पण वळलो नाही. शंभर पावलं गेलो असेन, आणि विहिरीत सुरुंग उडावा तसा आवाज झाला. उभ्या जागी टायर फुटला. ट्रॉली कलंडली, कडी तुटली आणि दणदणत दरीत गेली. तिच्यात माझी घोडी असायची होती.

रात्रभर चाललो दोघं. उजाडता खापरवाडीच्या पारापाशी गुलबक्षी थांबली, शेपूट उचलली आणि शेण टाकलं. हसा, खुशाल हसा. मी त्या शेणाला हात जोडले. पुढं धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, चालवलीत म्हणून वाचली, पोट त्यानं मोकळं झालं.

खापरवाडीच्या लोकांनी मग सांगितलं. फार पूर्वी एक ड्रायव्हर असाच कुणाचा तरी घोडा घेऊन घाईत निघाला होता. टायर बघा म्हटल्यावर म्हणाला, बघितलेत. बघितले नव्हते, आणि टायर फुटून घोड्यासकट दरीत गेला. तेव्हापासून तो सगळ्यांचे बघतो.

तर त्या घाटानं कधी जायचं नाही. लांबचा रस्ता घ्या, दोन तास उशीर होऊ दे. आणि कुठल्याही रस्त्यानं जा, हवा स्वतः बघा, भेगा स्वतः बघा, थांबाल तिथं टायरला स्वतःचा हात लावा.

आता सांगा, मघाशी "मी बघितलेत" कोण म्हणालं? तू? नाही? मग तू? कुणीच नाही?

बॅटरी आणा इकडं. त्या ट्रॉलीभोवतीची धूळ बघायचीय मला.