कंसातलं वाकणं

(परभणीजवळचं पिंगळी गाव. सरकारी कारभार उर्दूत चालायचा तो काळ. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, दुपारची वेळ. शिवरात्रीपासून सुरू होणाऱ्या हंगामासाठी गावच्या नाटक मंडळीची पात्रपरीक्षा चालू आहे. माणिकराव पाटील मंडळीचे अध्यक्ष. दुकानदार गुरुसिद्धप्पा नाटक लिहितात, तेच बसवतात.)

माणिकराव : परीक्षा म्हंजी परीक्षा, आप्पा. इथं कुनाचा वशिला चालू द्यायचा न्हाई.

गुरुसिद्धप्पा : कसा चालेल? राजाच्या कामाला तुम्ही एकटेच बसलात, परीक्षा तुम्हीच घेतलीत, पहिला नंबरही तुमचाच आला. वशिल्याला जागाच कुठं उरली.

माणिकराव : टिंगल करू नगा. पडदे कुनाचे हायेत?

गुरुसिद्धप्पा : तुमचे.

माणिकराव : गॅसबत्त्या?

गुरुसिद्धप्पा : त्याही तुमच्याच. त्यांच्याबरोबर थोडा आवाजही विकत मिळाला असता तर बरं झालं असतं.

माणिकराव : बारा सालांपून राजा करायलोय मी.

गुरुसिद्धप्पा : आणि बारा सालं मी पडद्याआड बसून तुमची वाक्यं सांगतोय. गावातल्या अर्ध्या लोकांना राजाचा आवाज म्हणजे माझाच आवाज वाटतो. असो. बाहेर कोण उभं आहे? ये रे आत.

भुजंग : रामराम मालक. आप्पा, शरणार्थ.

गुरुसिद्धप्पा : शरणार्थ भुजंगा. बस.

भुजंग : उभाच बरा हाय.

माणिकराव : आपल्या आश्रुबाचं पोरगं. तीस साल भालदार केला बघा आश्रुबानं. पडदा उघडल्यापून पडेपतूर भाला धरून दारात उभा. कदी हालला म्हनून न्हाई.

भुजंग : एकदा हालला व्हता. इंचू चावला तवा.

गुरुसिद्धप्पा : तेव्हाही अंक संपल्यावर सांगितलं त्यानं.

माणिकराव : तसा मानूस आता मिळायचा न्हाई.

भुजंग : त्येला एक वाक्य पायजे व्हतं, मालक. दरसाल मागायचा. तुमी म्हनायचा, पुढच्या साली देऊ.

माणिकराव : दिलं की एकदा. ‘महाराजांचा विजय असो.’

भुजंग : दुसऱ्या खेळाला काडून घेतलं.

गुरुसिद्धप्पा : त्याचं कारण मला ठाऊक आहे. त्यानं विजय असो म्हटलं तर लोकांनी टाळ्या दिल्या. नंतर महाराज पाऊण तास बोलले, एकानं दिली नाही.

माणिकराव : जुनं उकरून काय करायचंय. गेला बिचारा. भुजंग्या, तुझं काय ते बोल.

भुजंग : मी राजाच्या कामाची परीक्षा द्यायला आलोय.

माणिकराव : कशाच्या?

भुजंग : राजाच्या.

माणिकराव : ती जागा भरली.

भुजंग : दवंडीत तसं न्हाई म्हनले.

गुरुसिद्धप्पा : दवंडीत सांगू या, असं मी म्हणत होतो. पाटील म्हणाले, परीक्षेच्या आधीच जागा भरली म्हटलं तर लोक हसतील.

माणिकराव : हे बघ, तुझ्यासाठी मी लय मोठं काम काडून ठिवलंय. राणीचं.

भुजंग : राणीचं?

माणिकराव : मग? गावात बिनमिशीचा तरना मानूस दुसरा हाय का कोन? ज्याचा त्याचा बाप जित्ता. आमच्या किशनरावाच्या पोराला म्हनलं मिशी काड, तर किशनराव म्हनला, मला आदी जाळून या, मग करा त्येला राणी.

भुजंग : गेल्या साली बन्सीधर शेट व्हते की.

गुरुसिद्धप्पा : त्यांचे पुढचे दोन दात गेले. ‘प्राणनाथ’ म्हटलं की पहिल्या रांगेतली बत्ती विझायची.

भुजंग : म्हनून बापाच्या तेरवीला तुमी पंगतीत येऊन माझ्या कानात बोललात, मिशी परत वाढवू नगो.

माणिकराव : तुझ्या भल्यासाठीच बोललो.

भुजंग : मला वाटलं, मालकाला दुःख झालंय.

माणिकराव : झालंच की. दुःख बी झालंय आन राणी बी पायजे.

भुजंग : मग परीक्षा कशाची घ्यायलाव?

गुरुसिद्धप्पा : रीत म्हणून. पात्रांची यादी महिन्यामागंच तालुक्याला गेली. राजा, माणिकराव. राणी, भुजंग वल्द आश्रुबा. काल खेळाची सरकारी इजाजत आली. अख्ख्या नाटकाचा उर्दू तर्जुमा, पानापानावर मोहर. यादीतल्याशिवाय दुसऱ्यानं चढायचं नाही, लिहिल्यापेक्षा कमी-जास्त काही करायचं नाही.

माणिकराव : तहसीलदार साहेब सोता येनार हायेत शिवरात्रीला. मी दावत दिलीय. पोलिसांचे अमीन साहेब बी पहिल्या रांगेत.

भुजंग : आन मी न्हाई म्हनलो तर?

माणिकराव : तुला इचारतंय कोन? सांगायलोय.

गुरुसिद्धप्पा : थांबा पाटील. भुजंगा, राजाचं पाठ करून आलास ना? म्हण.

माणिकराव : कशाला आता?

गुरुसिद्धप्पा : परीक्षा आहे म्हणता ना? मग एक तरी होऊ द्या.

भुजंग : म्हनतो. ‘प्रधानजी, ज्याच्या दारावरचा माणूस उपाशी निजला, तो राजा पोटभर जेवला तरी उपाशीच. आम्ही सिंहासनावर बसलो, पण दारात कोण उभं आहे हे वळून पाहिलं नाही. आज पाहतो, तर तिथं नुसता भाला आहे. माणूस निघून गेला आहे.’

माणिकराव : झालं?

भुजंग : झालं.

गुरुसिद्धप्पा : पाटील, ही तुमचीच वाक्यं बरं का. मी लिहिली, दोन महिने तुमच्या तोंडून ऐकतोय, आणि त्यांचा अर्थ मला आज लागला.

माणिकराव : आवाज बरा हाय. राणीला खपून जाईल. कुठं शिकला रे?

भुजंग : तालमीला तुमची बैलगाडी घेऊन येतो की रोज. बाहीर बसून ऐकतो.

माणिकराव : बैलाकडं ध्यान देत जा. चला, राणीचं घ्या त्येच्याकडनं. शेवटचा प्रवेश घेऊ, मला बी म्हनायला मिळंल.

गुरुसिद्धप्पा : शेवटचा? बरं. भुजंगा, ही वही घे. राणीनं दरबारात राजाला जाब विचारलाय, राजाला चूक पटलीय. इथून पुढं. पाटील, वही देऊ?

माणिकराव : मला काय करायची वही? माझी नक्कल मला तोंडपाठ हाय. ‘देवी, आमचा न्याय चुकला. आजपासून आमचा मान तुमच्या हाती.’ झालं. पडदा.

गुरुसिद्धप्पा : पडद्याच्या आधी कंस आहे.

माणिकराव : कसला कंस?

गुरुसिद्धप्पा : बोलायचं ते उघडं लिहितात, करायचं ते कंसात. ‘राजा गुडघे टेकतो, डोक्यावरचा मुकुट काढून राणीच्या पायांवर ठेवतो आणि तसाच वाकून राहतो. पडदा हळूहळू पडतो.’

माणिकराव : हे माझ्या नकलेत न्हाई.

गुरुसिद्धप्पा : कसं असेल? नक्कल उतरवताना तुम्हीच सांगितलंत, माझी भाषणं तेवढी काढा, मधली बडबड नको.

माणिकराव : नाटक वाचलं तवा तरी सांगायचं व्हतं.

गुरुसिद्धप्पा : वाचलं ना मी शेवटपर्यंत. तुमचं शेवटचं भाषण झालं, तुम्ही उठून जोडे घातलेत.

माणिकराव : म्हंजी मी, आश्रुबाच्या पोराच्या पायावर?

गुरुसिद्धप्पा : राणीच्या.

माणिकराव : लुगड्यात कोन हाय ते गावाला दिसत न्हाई का? काडून टाका ते.

गुरुसिद्धप्पा : मोहर आहे त्यावर. अमीन साहेब पुस्तकावर बोट ठेवून नाटक बघतात. गेल्या साली जिंतूरकडच्या मंडळीनं एक गाणं गाळलं, तर बाकीचं नाटक कचेरीत झालं.

माणिकराव : बन्सीधरला बोलवा. दात नसले तर नसले.

गुरुसिद्धप्पा : यादीत नाव नाही.

माणिकराव : नाव कुनी घातलं ह्याचं?

गुरुसिद्धप्पा : दस्तखत तुमचं आहे.

माणिकराव : मग राजा कुनाला तरी देऊन टाकतो मी.

गुरुसिद्धप्पा : यादीत राजाही तुम्हीच आहात. आता खेळच रद्द करायचा, आणि दावत दिलेल्या तहसीलदार साहेबांना कळवायचं, की पाटलांना वाकायला जमेना म्हणून येऊ नका. लिहू का चिठ्ठी?

माणिकराव : तुमाला लय मजा यायलीय.

गुरुसिद्धप्पा : खोटं कशाला बोलू. येतेय.

माणिकराव : भुजंग, बाबा, उभा का? बस की. अरे, पानी द्या रे ह्येला कोन तरी.

भुजंग : तहान न्हाई.

माणिकराव : हे बघ. मी नुसता वाकाया लागलो की तू फुडं हो आन खांदे धरून मला उचल. अर्ध्यात. लोकास्नी बी बरं वाटंल, राणीचं मन किती मोठं म्हनतील.

भुजंग : वहीत न्हाई तसं.

माणिकराव : वहीचं आप्पा बघतील. पुढच्या साली राजा तूच. मी सोता म्हनतो. हनुमानाम्होरं म्हनतो.

भुजंग : पुढच्या साली.

माणिकराव : तुझ्या बापाला एक वाक्य म्हनलो व्हतो, तुला अख्खा राजा द्यायलोय. आजून काय पायजे?

गुरुसिद्धप्पा : भुजंगा, घाई करू नको. पाटील बोलले ते मी ऐकलं आहे, पुढच्या साली आठवण करून देईन. राजाचं काम तू करशील तर गाव ते विसरणार नाही, हे मी नाटक लिहिणारा म्हणून सांगतो.

भुजंग : आप्पा, मला ते काम लय पायजे व्हतं. आजून बी पायजे. बापाला पोचवून नदीवरनं घरी यायलो तवा बी मनात राजाचंच भाषन चाललं व्हतं. त्याची मला लाज वाटती.

माणिकराव : लाज कसली, घे की मग.

भुजंग : परीक्षा दिली तवा तुमी म्हनलात, राणीला खपून जाईल. आन आता राजा द्यायलाव. माझं काम चांगलं हाय म्हनून न्हाई, तुमचा गुडघा वाचावा म्हनून. तसला राजा घेऊन मी काय करू?

माणिकराव : कुनाचं रान बटईनं करतोस, ध्यानात हाय न्हवं?

भुजंग : तुमचं.

माणिकराव : ते काडून घ्यायला मला एक सांज लागंल.

भुजंग : घ्या. आई रडंल, मी पिंगळीच्या ठेसनावर वझी उचलीन. पर शिवरात्र झाल्यावर घ्या. आदी घेतलं तर राणी कुठनं आनसाल?

गुरुसिद्धप्पा : पाटील, हे उत्तर मला लिहिता आलं नसतं.

माणिकराव : तुमी गप ऱ्हावा. मग काय म्हनतोस तू? शेवटचं सांग.

भुजंग : राणी करतो. लिवलंय तशी.

माणिकराव : अर्ध्यात उचलनार न्हाईस?

भुजंग : न्हाई.

माणिकराव : आन नंतर गावात सांगत फिरशील.

भुजंग : सगळं गाव तर म्होरंच बसलेलं आसंल, मालक. सांगू कुनाला?

गुरुसिद्धप्पा : ठरलं तर. आता प्रवेश घेऊ. भुजंगा, त्या खांबाजवळ. पाटील, तुम्ही इकडून.

माणिकराव : आज नको. माझा गुडघा दुखायलाय.

गुरुसिद्धप्पा : दुखू द्या. टेकताना चेहरा खरा दिसेल.

माणिकराव : मुकुट कुठंय?

गुरुसिद्धप्पा : मुकुट परभणीहून यायचाय. आज पागोट्यावर भागवा.

माणिकराव : शिवरात्रीलाच एकदम वाकतो की. रोजच्याला कशाला?

गुरुसिद्धप्पा : बिनतालमीचं तुम्ही काय करता ते बारा सालं बघतोय मी. म्हणा वाक्य.

माणिकराव : ‘देवी, आमचा न्याय चुकला. आजपासून आमचा…’

गुरुसिद्धप्पा : मान.

माणिकराव : ठाव हाय मला. ‘आजपासून आमचा मान तुमच्या हाती.’

गुरुसिद्धप्पा : आता गुडघे.

माणिकराव : आप्पा, तुमी जरा तिकडं तोंड करा की.

गुरुसिद्धप्पा : केलं.

माणिकराव : दार बी लोटून घ्या.

गुरुसिद्धप्पा : सभामंडपाला दार नाही, पाटील.

भुजंग : मी हाय इथं, मालक. तुमी सावकाश वाका.